स्की न करणाऱ्यांचं गुलमर्ग

आपल्या गोव्याच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या पाहुण्यांपैकी किती जणांना पोहता येतं? मोजायला कुणी बसलेलं नाही, पण कोलव्याला किंवा मिरामारला संध्याकाळी तासभर उभं राहिलं की अंदाज येतो. बहुतेक जण घोट्याएवढ्या पाण्यात असतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, लाट आली की ओरडायचं आणि मागे पळायचं. तरी त्यांना कुणी म्हणत नाही, की बाबांनो, पोहता येत नाही तर समुद्रावर आलात कशाला?

बर्फाच्या गावाला जाऊन आलेल्या माणसाला मात्र हा प्रश्न हमखास विचारतात. फेब्रुवारीत आम्ही वर्गातले ११ जण गुलमर्गला जाऊन आलो. परतल्यावर कँटीनमध्ये, बसस्टॉपवर, घरी आलेल्या मावश्यांकडून एकच चौकशी, "स्कीइंग केलंस?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू मी मंगेशीला जाऊन देवळात न शिरताच परत आले.

हा लेख त्या पडलेल्या चेहऱ्यांसाठी. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. गुलमर्गला स्की न करणारे आपण दुय्यम पाहुणे नाही. तिथे येणाऱ्यांत संख्येने आपणच जास्त आहोत. म्हणूनच आपण तिथे चार दिवस काय करतो, कशावर पैसे घालतो आणि कुणाशी कसं वागतो, यावर त्या गावाचं बरंच काही अवलंबून आहे.

आधी स्कीइंगवाल्यांची बाजू. आमच्यातल्या दोघांनी स्की शिकायला घेतली. पहिला दिवस पडण्यात गेला, दुसरा उठण्यात, आणि तिसऱ्या दिवशी दोघंही एका बेताच्या उतारावरून न पडता खाली आले. त्यांच्या तोंडावरचा आनंद खरा होता. गुलमर्गला १९६८ पासून सरकारी स्की आणि गिर्यारोहण संस्था आहे, नवशिक्यांसाठी सौम्य उतार आहेत, शिकवणारे स्थानिक प्रशिक्षक आहेत. ज्याला हौस आहे, अंगात रग आहे आणि हाताशी निदान आठवडा आहे, त्याने जरूर शिकावं. पण ज्याच्याकडे दोनच दिवस आहेत त्याने केवळ फोटोसाठी स्की पायात बांधून घेण्यात काय अर्थ आहे, हे मला कळलेलं नाही. वरच्या अफरवटच्या उतारांवर तर हौसेला जागाच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. ही माणसं आपल्यासारखी पहिल्यांदाच बर्फ पाहणारी नव्हती.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय माझा मुद्दा नीट कळायचा नाही. गुलमर्ग हे स्कीसाठी वसलेलं गाव नाही. जुनं नाव गौरीमर्ग. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसुफ शाह चक याने त्याचं गुलमर्ग, म्हणजे फुलांचं कुरण, केलं असं सांगतात. बादशहा जहांगीरने इथे एकवीस जातींची रानफुलं गोळा केल्याची गोष्टही सांगितली जाते. मग इंग्रज आले ते मैदानातल्या उन्हाळ्याला कंटाळून. त्यांनी गोल्फचं मैदान केलं, लाकडी बंगल्या बांधल्या, आणि १९०२ मध्ये सेंट मेरीज चर्च उभारलं. १९१५ मध्ये डोग्रा राजघराण्यातल्या महाराणी मोहिनीबाई सिसोदिया यांनी टेकाडावर शंकराचं देऊळ बांधलं. स्की आली त्याच्याही नंतर, १९२७ मध्ये, काही इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबाबरोबर. गोंडोला, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा पहिला टप्पा, सुरू व्हायला १९९८ उजाडलं आणि दुसऱ्याला २००५. म्हणजे गुराखी, फुलं, सुलतान, गोल्फ, चर्च, देऊळ या सगळ्यांनंतर स्की आली. शेवटी आलेल्या पाहुण्याने सगळं घर आपल्या नावावर करून घ्यावं, तसं काहीसं हे झालंय.

मग स्की सोडून करायचं काय? पर्यटन कंपनीच्या कागदावर एक ठरलेली यादी असते. गोंडोला, स्नो स्कूटर, चार चाकांची एटीव्ही, स्लेज, काश्मिरी कपडे घालून फोटो. या यादीबद्दल माझं मत सरसकट नाही, एकेक घेऊन सांगते.

गोंडोला नक्की करा. सहा जणांची बंद केबिन देवदार-फरच्या शेंड्यांवरून वर सरकते, खाली छपरांवर हातभर बर्फ, आणि दहाएक मिनिटांत आपण कोंगडोरीला पोचतो. पहिल्या टप्प्याला ३,००० मीटरच्या वर, दुसऱ्याला जवळजवळ ४,००० मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर, गुलमर्ग गाव २,६५० मीटर, यावरून हिशेब करा. वरच्या टोकाला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम साठ टक्के असतो. आपण तर अगदी समुद्राच्या मांडीवर वाढलेली माणसं. केबिनमधून उतरून वीस पावलं धावलं की छाती आपली राहत नाही. हळू चाला, पाणी प्या, डोकं दुखायला लागलं तर शहाणपणा करून खाली या. तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं, आणि वारा वाढला की वरचा टप्पा बंद करतात. त्यामुळे त्या एका गोष्टीवर सगळी सहल टांगून ठेवू नका. आमचा पहिला दिवस असाच वाऱ्यात गेला. वाईट वाटलं, पण गुलमर्ग आम्हाला खरं कळलं ते त्याच दिवशी.

स्नो स्कूटर आणि एटीव्ही मात्र माझ्या यादीतून बाद. बर्फाने झाकलेल्या कुरणाची सगळ्यात मोठी श्रीमंती म्हणजे तिथली शांतता, आणि या यंत्रांची घरघर नेमकी तीच खाऊन टाकते. शिवाय पाच मिनिटांची फेरी संपली की हातात पेट्रोलच्या वासाखेरीज काही उरत नाही. आपल्या किनाऱ्यांवर वॉटर स्कूटर जवळून गेली की आपण नाक मुरडतो ना, मग तोच आवाज दुसऱ्याच्या अंगणात करायचा नाही.

ही शांतता नुसती वाटण्यातली नाही. नुकत्याच पडलेल्या बर्फात दहातले नऊ भाग हवाच असते. लाखो बारीक पोकळ्या असलेला तो गालिचा आवाज शोषून घेतो. त्यामुळे पहाटे बर्फ पडून गेल्यावर बाहेर आलं की आपल्याला दडे बसलेत की काय असं वाटतं. मग लक्षात येतं, की आपलं पाऊल ऐकू येतंय, शंभर पावलांवर फांदीवरून बर्फाचा ढीग घसरल्याची थप्प ऐकू येतेय. पायाखालचा आवाजही सारखा नसतो. ताजा बर्फ मऊ फुसफुसतो, रात्रीचा गोठलेला करकरतो, दुपारी उन्हाने भिजलेला पचपचतो. हे मी चार दिवसांत शिकले, त्याला तिकीट नव्हतं.

म्हणून माझ्या यादीत पहिली गोष्ट आहे चालणं. गुलमर्गच्या वाटीभोवती, झाडीतून जाणारा ११ किलोमीटरचा फेरा आहे. हिवाळ्यात तो पुरा चालता येत नाही, बराच भाग बर्फाखाली असतो. पण माहितगार माणूस बरोबर घेतला तर तासा-दीड तासाचा तुकडा आरामात होतो. एका बाजूला काश्मीरचं खोरं खाली पसरलेलं, आणि आकाश अगदी निवळ असलं तर उत्तरेला ८,१२६ मीटरचा नंगा पर्वत. आम्हाला तो दहा मिनिटं दिसला, मग ढगांनी पडदा ओढून घेतला. त्या दहा मिनिटांत आमच्यातलं सगळ्यात बडबडं माणूसही गप्प होतं, यावरून काय ते समजा. बर्फात ठसे वाचायचा खेळही करून पाहा. हा कुत्रा, हा कावळा, हा घोडा, हा कोल्हा असावा, आणि हे आपले सकाळचेच बूट. म्हणजे आपण फिरून तिथेच आलो!

दुसरी गोष्ट, दारं उघडी असलेल्या वास्तू. सेंट मेरीज चर्च आपल्याकडच्या चर्चच्या मानाने अगदी लहान, दगडी भिंतींचं, उतरत्या छपराचं. भोवती एकही घर नाही, नुसता पांढरा उतार. बरीच वर्षं ते बंद होतं, डागडुजी होऊन २००३ च्या नाताळात पुन्हा उघडलं. आपल्या जुन्या गोव्यातल्या सोनेरी वेदी पाहिलेल्या डोळ्यांना तिथे पाहण्यासारखं फार काही नाही, आणि हेच मला आवडलं. टेकाडावरचं शिवमंदिर सिनेमावाल्यांना माहीत आहे, 'आप की कसम' (१९७४) मधलं शंकराचं गाजलेलं गाणं तिथेच चित्रित झालं. जून २०२४ च्या आगीत त्या देवळाचं मोठं नुकसान झालं, ही बातमी वाचून तिथल्या मुसलमान घोडेवाल्यांनाही कसं वाटलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं. आणि गावाखाली काही किलोमीटरवर बाबा रेशींचा दर्गा आहे. पंधराव्या शतकातला हा साधू आधी सुलतान झैन-उल-आबिदीनच्या दरबारात होता, मग सगळं सोडून इथे येऊन राहिला असं सांगतात. चर्च, देऊळ, दर्गा, तिन्ही एका दिवसात होतात आणि तिन्ही ठिकाणी बूट काढल्यावर पाय सारखेच गारठतात.

सिनेमाचं निघालंच आहे म्हणून सांगते. 'बॉबी' (१९७३) मधलं खोलीत अडकल्याचं गाणं ज्या घरात घेतलं, ते 'बॉबी हट' म्हणून तिथे दाखवतात. बॉबीचा बाप जॅक ब्रागांझा म्हणजे आपलाच गोंयकार. तेव्हा गुलमर्गशी आपलं नातं जुनं आहे असं आम्ही घोडेवाल्याला ठणकावून सांगितलं. त्याने भाडं कमी केलं नाही.

तिसरी गोष्ट, खाणं. इथे मला सगळ्यात जास्त घरी असल्यासारखं वाटलं. गुलमर्गच्या पायथ्याशी, १३ किलोमीटर खाली, टंगमर्ग आहे. गमबूट आणि कोट भाड्याने घ्यायला सगळे तिथे थांबतात. सकाळी तिथल्या कांदुराच्या दुकानापुढे रांग होती. कांदुर म्हणजे काश्मिरी बेकर. जमिनीत पुरलेल्या तंदूरमधून तो गिर्दा काढतो, बोटांनी रेघा ओढलेली गोल रोटी, आणि गावातलं प्रत्येक घर सकाळची रोटी त्याच्याकडूनच नेतं. सायकलवरून पों-पों करत येणाऱ्या पदेराची आठवण मला तिथे आली नसती तरच नवल. सकाळची भाकरी घरी भाजायची नाही, बेकरकडून ताजी आणायची, हा रिवाज हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी आहे. आपण आणि ते या बाबतीत सख्खे शेजारी. गिर्द्याबरोबर नून चाय, गुलाबी आणि चक्क खारट. पहिला घोट घेताना तोंड वाकडं होतं, तिसऱ्या दिवशी स्वतःहून मागितला जातो. आणखी एक गंमत. त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे राजमा शिजता शिजत नाही. जेवण उशिरा आलं म्हणून खानसाम्यावर डाफरण्याआधी अकरावीचं भौतिकशास्त्र आठवावं.

आता यादीतली शेवटची गोष्ट, स्लेज. हा सगळा लेख लिहायला मी बसले ती खरं तर हिच्यामुळे.

लाकडाची एक बसकी गाडी, खाली पट्ट्या, पुढे दोरी. पर्यटक वर बसतो, माणूस दोरी खांद्यावर घेऊन ओढतो. सपाटीवर ओढतो, चढावर ओढतो, उतार आला की पुढे बसून पायांनी ब्रेक लावतो. गाडी थांबायच्या आत पाच-सहा जण भोवती येतात आणि प्रत्येकाचा आग्रह, माझ्याच स्लेजवर बसा. आमच्या गटात तिथल्या तिथे वाद पेटला. एकीचं म्हणणं, माणसाने माणसाला ओढायचं ही कल्पनाच सहन होत नाही, मी बसणार नाही. दुसरा म्हणाला, "तू बसली नाहीस म्हणून त्याच्या घरी आज चूल पेटणार आहे का? तुझं मन स्वच्छ राहील आणि त्याचा खिसा रिकामा." दोघांचंही खरं होतं, आणि दोघांच्या मध्ये तो माणूस दोरी हातात घेऊन उभा होता. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगावर फेरन, फेरनच्या आत कांगडी. भाषा कळत नसली तरी भांडण कशावरून चाललंय ते त्याला नीट कळलं होतं.

या बाबतीत मी माझ्यापुरतं जे ठरवलं ते सांगते, पटतंय का पाहा. नुसतं 'नको' म्हणून तोंड फिरवून जाणं ही सोपी नैतिकता आहे. तिची किंमत आपण मोजत नाही, तो मोजतो. पण धडधाकट विशीतल्या मुलाने सपाट रस्त्यावर हॉटेलपासून गोंडोलापर्यंत वयस्क माणसाकडून ओढून घ्यावं आणि वर त्याचा व्हिडिओ काढावा, हेही मला जमायचं नाही. मधला मार्ग आहे. आम्ही चाचांना विचारलं, अर्धा दिवस आम्हाला झाडीत चालायला न्याल का, स्लेजच्या फेऱ्यांचे जेवढे होतात तेवढेच पैसे देऊ. स्लेजवर आमच्या बॅगा ठेवू. ते आधी हसले, मग म्हणाले, "पैदल? पैदल तो कोई पूछता नहीं." आणि तयार झाले. आजीला गुडघेदुखीमुळे चालवत नसेल, तर तिने स्लेजवर जरूर बसावं. ती सेवा आहे, तिचा मान ठेवून पुरे पैसे द्यावेत. लहान मुलं उतारावरून घसरत येतात, तिथे ओढण्याचं काम पृथ्वीच करते. प्रश्न स्लेजचा नाहीच. आपल्याला ज्याची गरज नाही ते दुसऱ्याच्या खांद्यावर टाकायचं का, एवढाच आहे.

चाचांबरोबरचे ते तीन तास म्हणजे माझं खरं गुलमर्ग. चिल्ले कलान म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. २१ डिसेंबरपासून कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, मग चिल्ले खुर्दचे २० आणि शेवटी चिल्ले बच्चाचे १०. पहिल्या चाळीस दिवसांत पडलेला बर्फच टिकतो, तोच उन्हाळ्यात हळूहळू वितळून झऱ्यांना आणि भाताच्या शेतांना पुरतो. नंतरचा बर्फ पडतो आणि लगेच वाहून जातो. हा बर्फ येतो तो पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यांबरोबर. आपला पाऊस अरबी समुद्रातून, त्यांचा बर्फ त्याहून लांबच्या समुद्रातून. "तुमच्याकडे बर्फ पडत नाही, मग पाणी कुठून येतं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी चार महिन्यांच्या पावसाचं वर्णन केलं. त्यांचा विश्वास बसला की नाही कोण जाणे.

पण त्यांच्या बोलण्यात काळजी होती. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचं कुरण जवळजवळ महिनाभर कोरडं, तपकिरी पडलं होतं, त्याचे फोटो तेव्हा सगळ्या पेपरांत आले होते. फेब्रुवारी २०२५ मधल्या खेलो इंडिया हिवाळी खेळांचा गुलमर्गचा भाग बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. बर्फ नाही म्हणजे स्की नाही, स्लेज नाही, हॉटेलातल्या खोल्या रिकाम्या. स्की करणारा बर्फ नसेल तर येणारच नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. पण आपण? चालायला, खायला, बोलायला, चर्चच्या पायरीवर बसायला बर्फ लागतोच असं नाही. एखाद्या गावाने आपली सगळी कमाई एकाच खेळाच्या खुंटीला टांगली, तर एक कोरडा जानेवारी सगळ्या चुली विझवून जातो. स्की न करणारा, सावकाश फिरणारा पाहुणा ही त्या गावाची खरी पुंजी होऊ शकते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. स्की करणारे थोडे असतात, आपण हजारोंनी जातो. कोंगडोरीला बर्फात रुतलेले नूडल्सचे कागदी पेले, पाण्याच्या बाटल्या, फाटके मोजे मी पाहिले. ते स्कीवाल्यांनी टाकलेले नव्हते. बर्फावर कचरा टाकला की तो दिसेनासा होतो, पण जात नाही. मार्चमध्ये बर्फ वितळतो आणि सगळा कुरणात उघडा पडतो. तेव्हा 'आम्हीच गावाला जगवतो' अशी मिजास करण्याआधी आपण आपल्या पिशवीत आपला कचरा परत आणतो का, हे पाहावं. आपल्या किनाऱ्यांवर पहाटे फुटक्या बाटल्या वेचणारी माणसं आपण रोज पाहतो. पाहुणा कसा नसावा हे गोव्याच्या मुलांना कुणी वेगळं शिकवायची गरज नाही.

निघायच्या दिवशी चाचांनी आम्ही कुठले ते पुन्हा विचारलं. गोवा म्हटल्यावर चेहरा उजळला. त्यांचा पुतण्या कळंगुटला आहे, दुकानात. शाली, लाकडी खोकी, कागदाच्या लगद्याचे रंगीत डबे विकतो, दिवाळीच्या आधी येतो, पावसाआधी घरी जातो. आपल्या सगळ्यांना ही दुकानं माहीत आहेत. कळंगुट, हणजूण, कोलवा, पाळोळे, कुठेही जा. दारात उभा राहून "आइये, देखने का पैसा नहीं" म्हणणारा गोरापान मुलगा. त्याच्याशी आपण किती बोललोय? मी तर इतकी वर्षं मान खाली घालून पुढे जात आले, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक जणही तेच करतात. त्यांच्याबद्दल 'भायले' हा एक शब्द आपल्याकडे तयार असतो. कधी घर भाड्याने द्यायला नकार, कधी पेपरात काही आलं की संशयाची नजर.

आणि गुलमर्गला? चार दिवसांत आम्हाला तीन घरांतून चहाचं बोलावणं आलं. घसरून पडलेल्या मैत्रिणीला एका अनोळखी बाईने स्वतःची कांगडी हातात दिली. यात मला काश्मिरी लोक देवमाणसं आहेत असं सांगायचं नाही. भावात फसवणारेही भेटले, गमबुटांचं भाडं दुप्पट लावणाराही भेटला, जसे आपल्याकडेही टॅक्सीत भेटतात. मुद्दा साधा आहे. ती हिवाळ्यात पर्यटकांवर जगणारी माणसं आहेत, आपणही तसेच आहोत. पाहुणा म्हणून आपल्याला जे मिळालं, ते त्यांच्या पुतण्याला आपल्या गावात मिळतं का?

पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी सांगते. सुती जीन्स नेऊ नका, भिजली की वाळत नाही. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. काळा चष्मा हवाच, ताजा बर्फ बहुतेक सगळं ऊन परत फेकतो आणि डोळे अक्षरशः भाजतात. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडवाला एक तरी गटात असू द्या. कुठल्याही कामाचा भाव आधी ठरवा, पण ठरल्यावर घासाघीस करू नका. आणि एक पूर्ण दिवस काहीही न ठरवता रिकामा ठेवा.

ज्यांना इतक्यात जायला जमणार नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे आणि त्याला तिकीट लागत नाही. येत्या मोसमात किनाऱ्यावर गेलात की त्या शालींच्या दुकानापाशी दोन मिनिटं थांबा. काही घेतलं नाही तरी चालेल. फक्त विचारा, "या वर्षी बर्फ कसा आहे तुमच्याकडे?" आपल्याकडे जून लागला की कुणीही कुणालाही पावसाचं विचारतं, तितक्याच सहज विचारा. मी गेल्या महिन्यात विचारलं. उत्तर अर्धा तास चाललं, आणि मध्येच आतून चहा आला. खारट नव्हता, आपल्यासाठी साखर घातली होती.